रुमालाखालचा भाव

(दृश्य: पहाट. वाशीच्या फळ बाजारात शिरणारे ट्रक. एका ट्रकची फळी खाली पडते.)

एप्रिल उजाडला की वाशीच्या फळ बाजारात रात्र नावापुरती उरते. देवगड, राजापूर, रत्नागिरीहून निघालेल्या गाड्या उजाडायच्या आत गाळ्यासमोर लागायला हव्यात. उशिरा आलेल्या मालाला गिऱ्हाईक राहत नाही, आणि पिकायला लागलेला आंबा कुणासाठी थांबत नाही. हमालांच्या टोळीतला एकजण गाडीवर चढतो आणि पेट्या डोक्यावरून गाळ्यात जायला लागतात.

ही गोष्ट त्या पेटीच्या भावाची. भाव कोण ठरवतं, हे इथे ज्याला विचाराल तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

(दृश्य: गाळा. उघडलेली पेटी, भाताचा पेंढा. कॅमेरा हातांवर.)

पेंढा बाजूला होतो. मुरलेला खरेदीदार वरच्या थराला हात लावत नाही, खालचं फळ काढतो. देठाशी खांदे भरलेत का ते बघतो, नाकाला लावतो. शंका आली तर एक फळ कापायला सांगतो. बाहेरून देखण्या हापूसच्या पोटात साका निघू शकतो, म्हणजे गराचा पांढुरका, आंबूस, बेचव भाग. पेटीत चार डझन बसले असतील तर फळ मोठं, आठ डझन असतील तर लहान. भावही त्याच हिशेबाने.

मग अडत्या, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून देणारा दलाल, खांद्यावरचा रुमाल काढतो. दोघांचे हात त्याखाली जातात. बोटांच्या खुणांनी भाव सांगितला जातो: बोटं दाबली जातात, सुटतात, पुन्हा धरली जातात. चेहरे कोरे. शेजारी उभ्या असलेल्या तिसऱ्याला काही कळत नाही, आणि तेच तर हवं असतं.

नियम उघड लिलावाचा आहे. या रुमालावर टीका होऊन वर्षं लोटली. व्यापाऱ्याचं म्हणणं असं की एकाला दिलेला भाव दुसऱ्याला कळला तर सगळेच तो मागतील आणि माल उठणार नाही. त्यात तथ्य नाही असं नाही. पण ज्याच्या बागेतला आंबा आहे, तो त्या वेळी तीन-चारशे किलोमीटर लांब असतो. रुमालाखाली त्याचं एकही बोट नसतं. त्याच्या हाती येते ती पट्टी: इतक्या पेट्या, इतका दर, इतकी हमाली, इतकं भाडं, बाकी इतकी. ती खरी की खोटी, हे तपासायला त्याच्याकडे काही नाही.

बरं, तो अडत्याला सोडूही शकत नाही. पाऊस सरला की त्याच अडत्याकडून त्याने उचल घेतलेली असते. फवारण्या, राखण, नेपाळहून आलेल्या गड्यांची मजुरी, पेट्या, गाडीभाडं, सगळा पैसा फळ उतरायच्या आधी लागतो. बँक सातबारा मागते, आणि कोकणातल्या सातबाऱ्यावर काका-पुतण्यांची अर्धी वंशावळ असते. अडत्या एका फोनवर पैसे देतो. म्हणून दलालाला सरसकट शिव्या घालणं आम्हाला पटत नाही. रुमाल मात्र पटत नाहीच.

२०१६ मध्ये राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून काढला, अडत, म्हणजे अडत्याचं कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरवली. कागदावर मोठा बदल होता. उचल होती तिथेच राहिली.

(दृश्य: हार घातलेली पेटी, नारळ, उदबत्ती, भोवती मोबाइल उंचावलेली माणसं.)

हंगामातली पहिली पेटी बाजारात आली की तिची पूजा होते, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. पाडव्याला देवापुढे आंबा हवा, ही शहराची हौस. अक्षय्य तृतीयेला पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आंबा तोंडात न घालणारी घरं आजही नौपाड्यात, डोंबिवलीत सापडतील. पण झाडाला पंचांग कुठे ठाऊक? पाडव्याआधीच्या फळाला मिळणारा दर मे महिन्यात मिळत नाही. म्हणून पावसाळ्यातच बागायतदार झाडाच्या बुंध्याशी कल्टार घालतो. हे औषध झाडाची वाढ रोखून मोहर लवकर आणतं. ठाण्यातल्या देव्हाऱ्यातल्या फळासाठी देवगडच्या कातळावरच्या झाडाचं वेळापत्रक बदललेलं असतं, ते असं.

उलटंही घडतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१ मध्ये ‘रत्ना’ ही जात दिली. नीलम आणि हापूसचा संकर. साका नाही, दरवर्षी फळ. शास्त्रज्ञाच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. बाजाराने तिला हापूसच्या पंगतीला बसू दिलं नाही. गिऱ्हाईक विचारतं, “हापूस आहे का?” साका नसलेला आंबा आहे का, असं कुणी विचारत नाही.

(दृश्य: ठाणे स्टेशनबाहेरच्या हातगाड्या. पुठ्ठ्याच्या खोक्यांवर ‘देवगड’.)

आणि हापूस म्हणजे कुठला? २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांचं. होय, त्यात आपलं ठाणेही आहे; ठाणेकरांनाच हे सांगावं लागतं. कर्नाटकातला आंबा त्याच दिवसांत येतो, दिसायला तसाच, भावाला स्वस्त. तिकडचा शेतकरी म्हणतो, झाड हापूसचंच आहे, मग माझं फळ नकली कसं? प्रश्न रास्त आहे. लबाडी होते ती खोक्यावरच्या नावात. चाणाक्ष गिऱ्हाईक खोक्यातल्या रद्दीची भाषा बघतं. कन्नड पेपर निघाला की घासाघीस सुरू. विक्रेतेही कच्च्या गुरूचे चेले नाहीत, मराठी रद्दी काय कुठेही मिळते. २०२५ च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने फळाफळावर वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर लावायला घेतला, तो याच वैतागातून.

शिवाय नोव्हेंबर-डिसेंबरात थेट आफ्रिकेतून, मलावीहून हापूस येतो. त्याचीही कलमं मुळात कोकणातून गेलेली. थंडीत आंबा खाणं पटत नाही म्हणणारे आहेत, आणि तो हौसेने घेणारेही आहेत.

परदेशाची नजर आणखी वेगळी. फळमाशी सापडली म्हणून युरोपीय संघाने मे २०१४ मध्ये भारतीय आंब्याला दार बंद केलं, जानेवारी २०१५ मध्ये उघडलं. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर वाशीच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया होते, तीही अमेरिकी निरीक्षकाच्या समोर. कोरोनाच्या काळात निरीक्षक येऊ शकला नाही, आणि २०२० व २०२१ असे दोन हंगाम ती वाट बंद राहिली. तिथे रुमाल नाही, सगळं कागदावर.

(दृश्य: डोक्यावर पेट्या घेतलेले माथाडी. नंतर कोपरखैरणे, माथाडी वसाहत.)

आता ज्याच्या डोक्यावर ही पेटी आहे, त्याच्याकडे वळू.

फळ बाजार १९९६ मध्ये मुंबईतून इथे आला. त्याआधी १९८१ मध्ये कांदा-बटाटा आला होता. मुंबईची गर्दी कमी करायची होती. बाजार ज्या नवी मुंबईत आला, ती ९५ गावांच्या जमिनीवर उभी राहिली, बाजाराच्या जागेचं तुर्भे त्यातलंच. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. बाजाराबरोबर सातारा, सांगली, जुन्नरकडचे माथाडी आले, कोपरखैरणे-घणसोलीत राहिले. आगरी गावाच्या शेजारी घाटावरची बोली रुजली ती या बाजारामुळे.

अण्णासाहेब पाटलांनी माथाडींची संघटना बांधली. १९६९ मध्ये कायदा झाला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मजुरी मंडळामार्फत, आणि त्यावर मालकाने भरायची लेव्ही. भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना, सगळं त्या लेव्हीतून. डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसाला म्हातारपणाचा आधार देणारा असा कायदा देशात विरळाच. व्यापारी याला कटकट म्हणतात, गाडीवाले वाराईच्या, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीच्या, नावाने बोटं मोडतात. त्यांच्याही तक्रारी पोकळ नाहीत.

हापूसचा भर चैत्र-वैशाखात, आणि घाटावरच्या गावांच्या जत्राही तेव्हाच. पालखीला खांदा द्यायला गावी जायचं की टोळीत उभं राहायचं, हा पेच घरोघरी पडतो. काहीजण रात्रीच्या एसटीने जातात, पालखी फिरली की परततात.

(दृश्य: घोडबंदर रोडवरच्या सोसायटीचं फाटक. टेम्पोतून उतरणारी खोकी, मोबाइलवर यादी बघणारी बाई.)

गेल्या काही वर्षांत पेटीला दुसरी वाट फुटली आहे. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बागायतदाराचा नंबर येतो, यादी होते, पैसे फोनवरून जातात, टेम्पो थेट फाटकाशी. गिऱ्हाइकाला आंबा कुणाच्या बागेतला ते कळतं, बागायतदाराला पुरता भाव मिळतो. रुमालाला यापेक्षा चोख उत्तर नाही.

फक्त ही खोकी वाशीला येत नाहीत. टेम्पोतून ती उतरवतात ते सोसायटीचे वॉचमन, वीस-पन्नास रुपयांवर. त्यावर मजुरीची नोंद नाही, लेव्ही नाही. बाजारात मुकादम गाडीला किती पेट्या लागल्या ते मोजतो, आणि संध्याकाळी त्याच आकड्यावरून टोळीची वाटणी करतो.