आत्याचा फोन आणि मावशींची वही

मंडळी, १९९६ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक म्हातारी आई आणि तिचा आजारी मुलगा घरातच वारले, आणि बरेच दिवस शेजारीपाजारी कुणालाच पत्ता नव्हता. ही गोष्ट एका डॉक्टरांच्या मनाला लागली. त्यातूनच पुढे २००१ साली झोजिरुशी कंपनीनं चहाचं पाणी गरम ठेवणारं विजेचं एक भांडं आणलं. एकट्या राहणाऱ्या आईनं त्यातून पाणी घेतलं की त्याची नोंद बिनतारी यंत्रणेनं पुढे जाते, आणि दूरच्या मुलाला दिवसातून दोनदा मेल येतो. आईनं चहाला पाणी घेतलं, म्हणजे ती उठलीय, हिंडतेफिरतेय.

माझ्याकडे डिझाइन शिकायला येणाऱ्या मुलांना मी पहिल्या दिवशी हेच भांडं दाखवते. आईला नवीन काही शिकावं लागत नाही, आणि तिच्या खोलीत कॅमेराही नाही.

आता आपल्याकडे या. माझी आत्या मिरजेला एकटी असते. मुलानं परदेशातून चांगला फोन पाठवला. फोन वाजतो, आत्या हिरव्या गोलावर बोट दाबून धरते, फोन वाजतच राहतो. "दाबते गं मी, तो उचलतच नाही!" तिला कोण सांगणार, की ते दाबायचं नसतं, वर सरकवायचं असतं? त्यात आयुष्यभर भांडी घासून बोटांची टोकं कोरडी, खरखरीत झालेली. फोनचे हे पडदे, म्हणजे टचस्क्रीन, बोटातून होणारा विजेचा बारीकसा फरक ओळखतात, कोरड्या कातडीला ते नीट दाद देत नाहीत. शिवाय वयाबरोबर आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात, आणि रिंगटोन नेमकी तशीच किणकिणती. आत्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मला याचा फार राग येतो. चूक तिची नाही, आम्हा बनवणाऱ्यांची आहे.

नॉर्वेत म्हाताऱ्या माणसांसाठी 'कोम्प' नावाचा व्हिडिओ कॉलचा एक पडदा निघाला आहे. जुन्या टीव्हीसारखा दिसतो, त्याला एकच बटण, तेही फिरवायचं. घरच्यांचा कॉल आला की काही सेकंद सूचना देऊन तो आपोआप लागतो. आत्याला मी हे कौतुकानं सांगितलं, तर ती म्हणाली, "आणि मी केस मोकळे सोडून बसले असले म्हणजे?" तेव्हापासून 'आत्ता नको' म्हणायची सोय मी सगळ्यात आधी आखते.

राहिल्या सांभाळायला येणाऱ्या मावशी. या साखळीतला तिसरा माणूस, आणि ॲप बनवताना नेमका तोच विसरला जातो. आत्याच्या मावशी शंभर पानी वहीत लिहितात: बीपी, शुगर, गोळी दिली. एका पानावर लिहिलं होतं, 'आज जेवल्या नाही. भावाची आठवण काढत होत्या.' आम्ही बनवलेल्या ॲपच्या फॉर्ममध्ये बीपीचा रकाना होता, शुगरचा होता. याला जागाच नव्हती.

म्हणून नव्या नमुन्यात लिहिणं काढून टाकलं. मावशी बटण दाबून आपल्या बोलीत सांगतात. ते आधी आत्या ऐकते, आणि तिनं "पाठव" म्हटलं तरच मुलाकडे जातं.