घोडीपाशी बसणारा हंबकर

मित्रहो, सभागृहात शिरताना दोघातिघांनी मला एकच प्रश्न विचारला : इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजसाठी सर्वांत चांगला हंबकर पिकअप कोणता? एक नाव सांगून मी खाली बसलो असतो तर आपल्या सगळ्यांचाच वेळ वाचला असता, पण ते नाव ज्याच्या गिटारला लागू पडेल असा माणूस या खोलीत एखादाच निघाला असता. म्हणून नावे थोडी बाजूला ठेवून मी आधी त्या जागेविषयी बोलणार आहे. एक खुलासा सुरुवातीलाच करतो. ‘तार’ म्हणेन तेव्हा ती गिटारची वाजणारी तार समजावी, आणि पिकअपच्या, म्हणजे तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणाऱ्या भागाच्या, आत गुंडाळलेल्या केसाहून बारीक तांब्याच्या तारेला मी ‘वायर’ म्हणेन, नाहीतर पुढच्या अर्ध्या तासात आपला सगळा गुंता होईल.

सतार किंवा तानपुरा हाताळलेल्यांना घोडीजवळ तार छेडली की आवाज कसा बारीक आणि धारदार येतो हे सांगावे लागत नाही. गिटारचा ब्रिज म्हणजे घोडीच. तार तिथे टेकलेली असल्यामुळे तिला तिथे हलायला वाव नसतो. साडेपंचवीस इंची म्हणजे ६४८ मिलिमीटर लांबीची मोकळी तार घेतली आणि ब्रिजपासून ४० मिलिमीटरवर हंबकरचा मध्य धरला, तर मूळ स्वराचे आंदोलन तिथे तारेच्या मध्यभागाच्या तुलनेत एकोणीस टक्केच भरते. नेकपाशी, म्हणजे गिटारच्या मानेजवळ, तारेच्या चौथ्या हिश्शावर, तेच सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. म्हणजे एकाच तारेचा मूळ स्वर ब्रिजच्या पिकअपला नेकच्या पिकअपपेक्षा जेमतेम पाव हिश्शाने ऐकू येतो, मात्र वरचे स्वरांश त्या मानाने बरेच शाबूत राहतात. ब्रिजच्या आवाजाला धार का असते आणि तो पातळ का वाटतो, या दोन्ही गोष्टींचे उत्तर याच हिशोबात आहे. या जागेला काय कमी पडते आणि काय जास्त होते, हे ओळखून पिकअप निवडायचा असतो.

आता हंबकर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेतील मिशिगन राज्यात कॅलामाझू येथे गिब्सन या गिटार कंपनीच्या कारखान्यात सेथ लव्हर नावाचे अभियंते होते. त्यांनी २२ जून १९५५ रोजी पेटंटसाठी अर्ज केला आणि ते पेटंट २८ जुलै १९५९ रोजी मंजूर झाले. साध्या, एका वेटोळ्याच्या पिकअपमध्ये तारेच्या कंपनाबरोबर विजेच्या मुख्य पुरवठ्याची गुणगुणही शिरते. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६० हर्ट्झची. लव्हर यांनी दोन वेटोळी शेजारी ठेवली, त्यांची चुंबकीय टोके परस्परविरुद्ध केली आणि विजेची जोडणीही उलटसुलट केली. बाहेरून येणारी गुणगुण फक्त जोडणीमुळे उलटते, त्यामुळे एका वेटोळ्यातली दुसरीला खोडून काढते. तारेचा संकेत मात्र चुंबकामुळे एकदा आणि जोडणीमुळे दुसऱ्यांदा असा दोनदा उलटतो, म्हणून तो बेरजेत मिळतो. गिब्सनच्या गिटारवर १९५७ सालापासून हे पिकअप आले आणि त्यांच्या तळाला ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची चिकटपट्टी असे, तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून आजही लोक त्यांना ‘पीएएफ’ म्हणतात. गंमत अशी, की पुढे पेटंट क्रमांकाची पट्टी आली तेव्हा तिच्यावरचा क्रमांक या पिकअपचा नव्हताच. तो गिटारवादक लेस पॉल यांच्या टेलपीसच्या, म्हणजे तारा अडकवण्याच्या पट्टीच्या, पेटंटचा होता. नक्कल करणाऱ्यांना चकवण्यासाठी तसे केले, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र त्यात कारखान्यातला नेहमीचा गोंधळच अधिक दिसतो.

त्या जुन्या पिकअपमध्ये प्रत्येक वेटोळ्यावर साधारण पाच हजार वेढे असत आणि एकूण रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, ७ ते ९ किलोओहमच्या दरम्यान कुठेही निघे, कारण वेढे नेमके मोजले जातच असे नव्हते. आजच्या भाषेत हे ‘कमी आउटपुट’चे पिकअप. मग जोरकस पिकअप कुठून आले? पिकअप बनवणाऱ्या डिमार्झिओ यांनी १९७२ मध्ये ‘सुपर डिस्टॉर्शन’ नावाचा पिकअप काढला. त्यात सिरॅमिक चुंबक होता आणि वेढेही जास्त होते. त्या काळच्या बहुतेक व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये आजच्यासारखे गेनचे, म्हणजे संकेत वाढवण्याचे, एकापुढे एक टप्पे नव्हते. आवाज फाटायला हवा असेल तर ॲम्प्लिफायरच्या तोंडाशीच मोठा संकेत नेऊन आदळावा लागे, आणि ते काम हा पिकअप करीत असे. ही अडचण आज उरलेली नाही. शे-दीडशे रुपयांचे ॲपही आज हवे तितके डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाचे फाटणे, देते. म्हणून ‘मला डिस्टॉर्शन हवे आहे, जास्त आउटपुटचा पिकअप द्या’ ही मागणी मला पन्नास वर्षे जुन्या रोगावरचे औषध मागितल्यासारखी वाटते. जोरकस पिकअप आजही घ्यावा, पण तो त्याच्या मधल्या सुरांच्या भरगच्चपणासाठी घ्यावा, आणि त्याची किंमत वरच्या सुरांत मोजावी लागते हे माहीत असू द्यावे.

इथे मला किलोओहमच्या आकड्याचा समाचार घ्यायचा आहे. दुकानात असो की मित्रांच्या गप्पांत, ‘हा सोळाचा आहे, तो आठाचा आहे’ असे म्हणून पिकअपची ताकद सांगण्याची पद्धत पडली आहे. हा आकडा वायरच्या रोधाचा आहे आणि तो वायरच्या जाडीवर तितकाच अवलंबून असतो जितका तिच्या लांबीवर. पीएएफमध्ये ४२ गेजची वायर असे, व्यास ०.०६३ मिलिमीटरच्या आसपास. तेवढेच वेढे ४४ गेजच्या वायरने, म्हणजे सुमारे ०.०५० मिलिमीटरच्या वायरने घातले, तर ८ किलोओहमचा पिकअप १२ ते साडेबारा किलोओहम दाखवील आणि त्याची ताकद जवळपास होती तिथेच राहील. दुसरे पिकअपकार सीमोर डंकन यांचा ‘जेबी’ हा पिकअप सोळाच्या पुढे जातो, ‘सुपर डिस्टॉर्शन’ साडेतेराच्या थोडा पुढे. आकड्यावर विसंबलात तर जेबी बराच दांडगा ठरेल, वाजवून पाहिलेत तर तसे वाटणार नाही, कारण दोघांतली वायर एका जाडीची नाही. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. महाबळेश्वरच्या थंडीत १५ अंशांना ८ किलोओहम भरलेला पिकअप नागपूरच्या उन्हाळ्यात ४० अंशांना ८.८ भरेल, आणि वेढा एकही वाढलेला नसेल.

खरे बोलतो तो आकडा प्रेरकत्वाचा, म्हणजे बदलत्या विजेला वेटोळे जो विरोध करते त्याचा, जो हेन्रीत मोजतात. दुर्दैवाने तो खोक्यावर क्वचितच छापतात. पिकअपचे प्रेरकत्व आणि केबलची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, मिळून एका वारंवारतेवर उंचवटा तयार होतो. त्याच्या वरचे सूर झपाट्याने गळून पडतात. पिकअपचा चढा किंवा दबका स्वभाव मुख्यतः या उंचवट्याच्या जागेवरून ठरतो. पीएएफच्या घराण्यातल्या पिकअपचे प्रेरकत्व साडेचार हेन्री धरा आणि तीन मीटरच्या केबलसह सगळी धारिता ५०० पिकोफॅरड धरा, तर तो उंचवटा ३,३५० हर्ट्झपाशी येतो. पिकअप ८ हेन्रीचा झाला की तो २,५०० वर उतरतो. आता त्याच जोरकस पिकअपला सहा मीटरची केबल लावा. मीटरमागे १०० पिकोफॅरड वाढून धारिता ८०० झाली की उंचवटा २,००० हर्ट्झवर येऊन बसतो. आपला कान सर्वांत तिखट असतो तो साधारण दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, त्यामुळे हे सरकणे नवशिक्यालाही ऐकू येते. एखाद्याने ‘पिकअप मंद निघाला’ अशी तक्रार केली तर मी आधी त्याची केबल पाहतो. त्यानंतर पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करण्याच्या बटणाखालचा बदलता रोध. हंबकरबरोबर ५०० किलोओहमचे पॉट लावण्याची रीत आहे. २५० चे लावले तर तोच उंचवटा दबतो आणि आवाज मऊ होतो. जेबीचे वरचे-मधले सूर कानाला टोचतात म्हणून त्याला मुद्दाम २५० चा पॉट लावणारे वादक आहेत, आणि मला ती युक्ती नवा पिकअप घेण्यापेक्षा शहाणपणाची वाटते. पॉटवर छापलेला आकडाही मीटरने तपासावा. ५०० लिहिलेला पॉट ४२० भरला तर त्यात नवल नाही.

चुंबकाविषयी फार बोलत नाही. ॲल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोखंडाबरोबरचा मिश्रधातू. त्याचा दोन क्रमांकाचा प्रकार मवाळ, खर्जाला थोडा सैल; पाच क्रमांकाचा जोरदार आणि दोन्ही टोकांना स्पष्ट; सिरॅमिक त्याहून घट्ट आणि कोरडा. एवढे पुरे, कारण चुंबक एकटा कधीच वाजत नाही.

आता माझीच एक फजिती. माझ्या महॉगनीच्या गिटारचा ब्रिज पिकअप दुबळा वाटतो म्हणून मी बरेच पैसे घालून एक सोळा किलोओहमी पिकअप बसवून घेतला. आवाज मोठा झाला, पण तालवाद्यांसोबत वाजवताना माझा प्रत्येक कॉर्ड चिखलात रुतल्यासारखा ऐकू येऊ लागला. सहा महिन्यांनी जुना पिकअप परत बसवताना लक्षात आले, की तो मुळात तारांपासून जवळजवळ पाच मिलिमीटर खाली होता. दोन स्क्रू फिरवून शेवटच्या पडद्यावर तार दाबली असता दोन मिलिमीटर अंतर राहील असा वर घेतल्यावर जो आवाज आला, तो मला सहा महिन्यांपूर्वीच हवा होता. तेव्हापासून माझा नियम असा, की उंची ठीक केल्याशिवाय कोणत्याही पिकअपला नापास करायचे नाही. नेकचा पिकअप खाली आणि ब्रिजचा वर, या एवढ्याशा फेरफारानेही दोघांतला तोल पुष्कळदा साधतो.

उंचीनेही भागले नाही, तर निवडीला लागावे. गिटार मुळात उजळ आवाजाची असेल, ट्रेमोलो ब्रिजची, म्हणजे दांड्याने हलणाऱ्या ब्रिजची, साडेपंचवीस इंची, तर तिला थोडा जास्त वेढ्यांचा, मधल्या सुरांत भरीव असा पिकअप शोभतो. जेबी अशाच गिटारांमध्ये इतका का रुळला हे यावरून कळेल. उलट गिटार जड, दबक्या आवाजाची, पावणेपंचवीस इंची असेल, तर तिला पीएएफच्या घराण्यातला ८ ते ९ किलोओहमचा, पाच क्रमांकाच्या ॲल्निकोचा पिकअप द्यावा. मला कोणी गिटार न दाखवता सल्ला विचारला तर मी हाच सांगतो, कारण कमी जोराच्या पिकअपचा आवाज पेडलने, म्हणजे पायाने चालवायच्या उपकरणाने, वाढवता येतो, पण जोरकस पिकअपने गाळलेला वरचा सूर कोणत्याही पेडलला परत आणता येत नाही. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या घाटाच्या गिटारमध्ये ब्रिजपाशी जो हंबकर कोरून बसवला, तो गिब्सनच्या ईएस-३३५ या गिटारमधला पीएएफच होता, आणि त्यांचा आवाज दुबळा होता असे अजून कोणी म्हटलेले नाही.

खरेदीआधी पट्टी घेऊन एक माप मात्र घ्यावे. पिकअपच्या जागी पहिल्या आणि सहाव्या तारेतले अंतर ४९-५० मिलिमीटर भरते की ५२-५३, त्यावरून अरुंद किंवा रुंद अंतराचा पिकअप मागवावा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक आवाजात फारसा जाणवत नाही, पण पिकअपच्या प्रत्येक तारेखाली असणाऱ्या धातूच्या खांबावरून सरकलेली तार डोळ्यांना सतत खुपते.

मधल्या रांगेतून मेटल, म्हणजे जड रॉक, वाजवणाऱ्यांच्या वतीने प्रश्न आला आहे, की त्यांनी कोणता पिकअप घ्यावा. जड आणि वेगवान रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीत, हवा असतो तो खर्जाचा घट्टपणा. दाबलेली तार सुटताच आवाज थांबला पाहिजे. सिरॅमिक चुंबकाचे पिकअप तिथे खरोखर कामाचे आहेत, फक्त त्यांच्याबरोबर ॲम्प्लिफायरचा गेन कमी ठेवावा. ईएमजी कंपनीचा ‘८१’ हा ॲक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवरचा, पिकअप हा दुसरा मार्ग. तो ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आतच प्रवर्धक असल्यामुळे लांब केबलचा त्याच्यावर परिणाम होत नाही, पण त्याला २५ किलोओहमचे पॉट आणि बॅटरी आपोआप बंद करणारा स्टिरिओ जॅक लागतो. नेकला साधा आणि ब्रिजला ॲक्टिव्ह असा संसार मांडू नये. दोघांना एकच पॉट मानवत नाही.

शेवटचा प्रश्न असा आहे, की नवा ब्रिज पिकअप एकटा उत्तम वाजतो, पण नेकबरोबर एकत्र लावला की आवाज पोकळ आणि नाकातून आल्यासारखा का होतो. दोघांची कला (फेज) उलटी पडली आहे, म्हणजे एकाचा संकेत वर जातो तेव्हा दुसऱ्याचा खाली येतो, एवढेच. वायरींच्या रंगांचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो, त्यामुळे एका कंपनीचा तक्ता दुसरीला लावू नये. सोल्डरिंग करण्याआधी काट्याचा मल्टिमीटर पिकअपच्या दोन टोकांना लावावा, स्क्रूड्रायव्हर पिकअपवर टेकवून झटकन उचलावा आणि काटा कोणत्या बाजूला उसळतो ते पाहावे. नेकच्या पिकअपवर तेच करावे. काटे विरुद्ध बाजूंना गेले तर चार वायरींच्या नव्या पिकअपची गरम, म्हणजे संकेत नेणारी, आणि अर्थिंगची टोके आपसात बदलावीत, मात्र धातूच्या तळाला जोडलेली उघडी वायर अर्थिंगलाच राहू द्यावी. नेकचा जुना पिकअप धातूच्या जाळीत गुंडाळलेल्या एकेरी वायरीचा असेल तर त्याला हात लावू नये, कारण त्याची जाळी आणि धातूचे कवच एकमेकांना जोडलेले असतात आणि ती उलटवली तर कवचाला बोट लागताच गुणगुण सुरू होते.