मागितला का नाहीस?

(दृश्य : बालाघाटचे डोंगर, सकाळ. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग.)

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं अशी निघतात. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, सरपण, एखादी शेळी आणि सगळ्यात वर लहान लेकरं. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल फेडायला कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जायचं, आणि परतायचं ते मार्च-एप्रिलात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या पट्ट्यात कितीतरी घरांत मग पाच-सहा महिने म्हातारी माणसं उरतात, आणि शाळा-कॉलेजात असलेली पोरं.

बांधावर पाठमोरा उभा आहे तो सोळा वर्षांचा आहे. त्याचा चेहरा या फिल्ममध्ये दिसणार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार कायद्याच्या कचाट्यात आलेल्या मुलाची ओळख उघड करता येत नाही, आणि कायदा नसता तरी आम्ही ती केली नसती. भांडण एका स्टेटसवरून झालं. आधी व्हिडिओ, त्याखाली टोमणा, मग संध्याकाळी बसस्टँडवर सहा जण. एकाच्या डोक्याला टाके पडले.

आजी एवढंच म्हणते, ‘लेकरू वाईट न्हाई माझं. राग आला की त्येला काय सुचतच न्हाई बघा.’

(दृश्य : वसतिगृहाचं पटांगण. मुलं दोन-दोनच्या जोड्यांत.)

आता हे नीट पाहा.

प्रत्येक जोडीत एकाच्या मुठीत रबरी चेंडू आहे. दुसऱ्याला समुपदेशक ताईंनी सांगितलंय, तीस सेकंदांत तो चेंडू मिळवायचा. कसा, ते सांगितलेलं नाही. शिट्टी वाजते. मनगटं पिरगाळली जातात, बोटं उलगडायचा प्रयत्न होतो, कुणी कुणाला धुळीत पाडतं. तो डावीकडचा उंच मुलगा थेट गळ्याला हात घालतो. तीस सेकंद संपतात, मग जोड्या बदलतात आणि पुन्हा तेच होतं.

सगळे धापा टाकत बसले की ताई विचारतात, ‘तुमच्यातल्या कुणी मागितला का रे?’

मुलं एकमेकांकडं बघतात. एक जण म्हणतो, ‘मागून कुणी देतं का, ताई?’ ताई समोरच्याला विचारतात, ‘यानं मागितला असता तर तू दिला असतास?’ तो खांदे उडवतो. ‘दिला असता की. चेंडूच तर हाय.’

हा खेळ बीडचा नाही. अमेरिकेतल्या शिकागो शहरात गरीब वस्त्यांतल्या शाळकरी मुलांसाठी ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा कार्यक्रम चालतो, त्यात पहिल्या काही बैठकांमध्ये हा खेळ घेतात. त्यामागची उपचारपद्धती विचार आणि वर्तन यांवर काम करते. डॉक्टर मंडळी तिला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेव्हिअरल थेरपी म्हणतात. मुलाला ‘चांगला वाग’ असं ती सांगत नाही. अंगावर काही आलं की मनात आपोआप उठणारा पहिला अर्थ पकडायला शिकवते. ‘ह्यानं मला खुन्नस दिली’ हा अर्थ झाला. घडलं एवढंच की त्यानं वळून पाहिलं.

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी हा कार्यक्रम चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीनं तपासला. कोणत्या मुलाला तो मिळेल आणि कोणाला नाही, हे नशिबावर सोडलं. पहिली चाचणी २००९-१० च्या शालेय वर्षात झाली, त्यानंतर आणखी झाल्या. कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. आफ्रिकेत लायबेरियाच्या मोनरोव्हिया शहरात ९९९ तरुणांबरोबर असंच काम झालं. ते चोऱ्या करणारे, अमली पदार्थ विकणारे, काही जण यादवी युद्धात लढलेले. आठ आठवडे गटात बसणं, आणि त्यांतल्या काहींना त्यानंतर २०० डॉलर रोख. ज्यांना दोन्ही मिळालं त्यांच्यात दहा वर्षांनंतरही गुन्हे आणि हिंसा जवळपास निम्म्यावर होती. तिथं शिकवणारे डॉक्टर नव्हते. त्याच रस्त्यावरून आलेले, हाच कार्यक्रम आधी पूर्ण केलेले तरुण होते.

शिकागोच्या अभ्यासातली आणखी एक गोष्ट इथल्या ताईंनी आम्हाला दोनदा ऐकवली. पहिल्या चाचणीत कार्यक्रम संपल्यावर अटकांमधली घट टिकली नाही. वर्ष संपलं, बैठका थांबल्या, सवय सुटली. ताईंचं सगळं काम या एका गोष्टीपासून सुरू होतं. सरावात खंड पडता कामा नये, आणि ताई तर एकच आहेत.

(दृश्य : घाटातली एसटी. मग नकाशा.)

राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत त्यातलं एकही नाही. संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण आष्टीच्या मुलाला अंबाजोगाई गाठायची तर जवळजवळ अख्खा जिल्हा ओलांडावा लागतो, आणि जायचं ते दर आठवड्याला. देशात एक लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ भरत नाही, हिशेब ०.७५ चा आहे. बाल न्याय मंडळाला कलम १८ प्रमाणे मुलाला गट-समुपदेशनाला पाठवता येतं. कागदावर आदेश होतो. पाठवायचं कुठं, हा प्रश्न आईबापाच्या गळ्यात पडतो, आणि आईबाप फडात असतात.

(दृश्य : रात्र. वसतिगृहाची खोली. मोबाइलच्या उजेडात हात.)

रात्रीचे सव्वाअकरा. ताई झोपल्या आहेत, झोपायलाच हव्यात. भांडणं मात्र याच वेळेला पेटतात. ग्रुपवर कुणी काहीतरी टाकतं, दुसरं कुणी त्यावर काहीतरी फेकतं, आणि सकाळपर्यंत दोन्हीकडची पोरं गोळा झालेली असतात.

मुलगा फोनमधल्या एआय यंत्राशी बोलतो, लिहीत नाही. ‘डोकं सटकलंय. उद्या त्याला दाखवतोच.’ पडद्यावर त्याच्या आवाजाची रेघ वरखाली होते. सुरुवातीला यंत्राला पुस्तकी मराठी कळायची. ‘काय करायलास’ म्हटलं की ते गोंधळायचं. इथल्या पोरांनीच त्याचे शब्द दुरुस्त करून दिले.

आता यंत्र काय करतं ते सांगायला हवं, कारण ‘एआय’ म्हटलं की लोकांच्या मनात काहीही येतं.

ताईंनी लिहिलेले सराव त्याच्याकडं आहेत. श्वास मोजायचा. जे पाठवायचंय ते बोलून ठेवायचं, पण पाठवायचं नाही. समोरच्याच्या बाजूनं तीच गोष्ट सांगून पाहायची. एखाद्या मित्राला फोन लावायचा. यातलं कोणतं, कधी, किती वेळ, हे यंत्र निवडतं. सराव झाल्यावर विचारतं, राग आता दहापैकी किती? मुलानं तो अर्ध्यावर सोडला की पूर्ण केला, रात्रीच्या कोणत्या वेळी केला, आकडा आठावरून पाचावर आला की आठावरच राहिला, हे सगळं ते धरून ठेवतं आणि पुढच्या वेळची निवड बदलतं. जे लागू पडलं ते जास्त वेळा देतं, अधूनमधून नवंही देऊन बघतं. तालमीतला वस्ताद जसा प्रत्येक पोराचं अंग बघून जोर-बैठका ठरवतो, तसं. या मुलाला श्वास मोजायला सांगितलं की तो चिडायचा. समोरच्याची गोष्ट सांगायला लावलं की मात्र थांबायचा. हे यंत्राला आठवडाभरात कळलं. ताई म्हणतात, त्यांना महिना लागला असता, आणि तोवर तो आला नसता.

(दृश्य : अंबाजोगाई. ताईंच्या टेबलावरचा लॅपटॉप, चहाचा कप.)

सकाळी ताई सगळ्यांची नोंद पाहतात. त्यांच्यासमोर प्रत्येक मुलाची एक ओळ येते आणि त्या ठरवतात, आज व्हिडिओवर कुणाशी बोलायचं. गटाची बैठक आठवड्यातून एकदा असते, तेव्हा त्या स्वतः गाडी धरून येतात.

एक नियम त्यांनी पहिल्या दिवशीच घालून दिला. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचं बोलणं आलं की यंत्रानं उत्तर द्यायचं नाही. मुलाला ‘ताईंना जोडतोय’ एवढं सांगायचं आणि थेट माणसाला फोन लावायचा, रात्र असली तरी. ‘उद्या त्याला दाखवतोच’ या वाक्यावर त्या रात्री ताईंचा फोन वाजला. त्या दोघांचं बोलणं आम्ही चित्रित केलेलं नाही.

हा नियम अनाठायी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत सोळा वर्षांच्या एका मुलाच्या आत्महत्येनंतर त्याच्या आईवडिलांनी चॅटबॉटच्या कंपनीवर खटला भरला. शिकागो ज्या इलिनॉय राज्यात आहे, त्या राज्यानं त्याच महिन्यात कायदा केला की यंत्रानं स्वतःच्या जोरावर मानसोपचार करायचे नाहीत. परवानाधारक माणसाला मदत तेवढी करावी. दुसऱ्या बाजूला, मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी उपचारासाठीच घडवलेल्या चॅटबॉटची २१० प्रौढांवर चाचणी प्रसिद्ध केली आणि त्यात नैराश्याची लक्षणं सरासरी ५१ टक्क्यांनी उतरली. तिथंही प्रत्येक संभाषणावर माणसांची नजर होती. आमच्या मते वाट इथून जाते. यंत्र हवंच, रात्री सव्वाअकराला दुसरं कोण आहे? पण त्याच्यामागं जागं होणारं माणूस नसेल तर ते मुलांच्या हातात देऊ नये.

(दृश्य : उसाचा फड, सांगली जिल्हा. कोपीसमोर आई.)

मुलगा अठरा वर्षांखालचा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ प्रमाणे त्याची माहिती घ्यायला आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला हा कायदा मुळात मनाईच करतो. आरोग्यसेवेला सूट आहे, तीही मुलाच्या आरोग्याला लागेल तेवढीच. म्हणून आम्ही फडावर आलो.

पहाटे तीनपासून ऊस तोडून, मोळ्या बांधून ही माउली आता चुलीपाशी बसली आहे. ताई फोनवरून एकेक मुद्दा वाचतात. ती मधेच थांबवते. ‘लेकराचं बोलणं मुकादमाला तर न्हाई ना कळणार?’

ताई सांगतात, मुकादमाला नाही, शाळेला नाही, पोलिसालाही आपणहून नाही. मागितल्यास सगळं पुसून टाकू. आई आणखी विचारते : आवाज कुठं ठेवता? कोण ऐकतं? मी नको म्हटलं तर त्याला वसतिगृहातून काढतील का? शहरातल्या किती पालकांनी मुलांच्या फोनबद्दल हे प्रश्न विचारले असतील! सगळी उत्तरं मिळाल्यावर ती फोन तोंडाजवळ धरते आणि आपलं नाव, गाव सांगून ‘हां, चालंल’ म्हणते.

(दृश्य : पटांगण. मुलं पुन्हा जोड्यांत.)

मंडळापुढचं प्रकरण अजून चालू आहे. टाके पडलेला मुलगा शाळेत परत आला आहे. बसस्टँडवर त्यानंतर मारामारी झालेली नाही, एकदा होता होता राहिली.

नव्या मुलांना आज चेंडू दिलेत. शिट्टी ताई वाजवत नाहीत, बांधावर उभा होता तोच मुलगा वाजवतो, म्हणून कॅमेरा त्याच्या फक्त हातावर आहे. पुढच्या हंगामापासून गटाच्या अर्ध्या बैठका त्यानं आणि त्याच्या दोन मित्रांनी चालवायच्या, असं ठरतंय. त्यासाठी ताईंना तालुक्याला आणखी एक समुपदेशक आणि वसतिगृहात नीट चालणारं नेट हवंय. दोन्हींचे अर्ज दिलेले आहेत.

(पडद्यावर अक्षरं.)

टेली-मानस : १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून. दिवसरात्र, मोफत, मराठीतही. फोनवर माणूसच बोलतो.