ल्युकेमिया उलटला, तर जनुकांची तपासणी पुन्हा का करायची?

नमस्कार. अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे एएमएल, एकदा आटोक्यात येऊन पुन्हा उलटला की डॉक्टर परत बोन मॅरो, म्हणजे हाडातला मगज, तपासणीसाठी काढायला सांगतात. घरचे हबकलेले असतात, पेशंट थकलेला असतो, आणि कुणीतरी विचारतंच: जनुकांचा रिपोर्ट पहिल्या वेळी काढलाय ना, तो फाईलमध्ये आहे, मग पुन्हा ती सुई कशाला? प्रश्न रास्त आहे. आज त्याचंच उत्तर नीट समजून घेऊ.

आधी रेमिशनबद्दल थोडं. मॅरोमधल्या ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, ५ टक्क्यांच्या खाली आल्या आणि रक्ताचे आकडे सावरले, की रेमिशन आलं असं म्हणतात. पण हिशोब करून बघा. निदानाच्या वेळी शरीरात ल्युकेमियाच्या पेशी साधारण एक लाख कोटी असतात असं धरतात. केमोने त्यातल्या ९९.९ टक्के मारल्या, तरी उरतात शंभर कोटी! मायक्रोस्कोपखाली मॅरो स्वच्छ दिसतो, आणि त्या मात्र तिथेच असतात.

त्या उरलेल्या पेशी कुठल्या, यावर पुढचं सगळं ठरतं. कारण ल्युकेमियाच्या सगळ्या पेशी सारख्या नसतात. त्यांची एक वंशावळ असते. मुळाशी एक पेशी, तिच्यात झालेले पहिले काही बदल सगळ्या वंशजांत उतरलेले. मग एका शाखेत एक नवं म्यूटेशन, म्हणजे जनुकातला बदल, दुसऱ्या शाखेत वेगळंच. या शाखांना क्लोन आणि सबक्लोन म्हणतात. केमो एखादी मोठी शाखा पार संपवते आणि एखादी छोटी, चिवट शाखा वाचते.

हे नुसत्या तर्काने सांगत नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ८ पेशंटच्या ल्युकेमियाचा संपूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, दोनदा वाचला: एकदा निदानाच्या वेळचा, एकदा आजार उलटल्यावरचा. त्यांना दोन तऱ्हा दिसल्या. काहींमध्ये मूळ क्लोनच नवी म्यूटेशन घेऊन परतला होता. काहींमध्ये सुरुवातीला अल्पसंख्य असलेला सबक्लोन केमोतून वाचला, त्यात आणखी बदल झाले आणि त्यानेच मॅरो व्यापला. नव्या म्यूटेशनांपैकी काहींची धाटणी अशी होती, की ती केमोच्या औषधांनी डीएनएला झालेल्या इजेतून आली असावीत. हे ऐकून केमोला घाबरू नका. केमो न घेता वाढणारा एएमएल काही आठवड्यांत जीव घेऊ शकतो. मुद्दा एवढाच, की परत आलेला आजार जनुकांच्या पातळीवर बदललेला असतो.

आता तुमच्या रिपोर्टमध्ये दिसणारी नावं घेऊ. यात मला सगळ्यात जास्त वेळ एफएलटी३ वर द्यायचाय. हे जनुक पेशीला ‘वाढ’ असा संदेश देणाऱ्या प्रथिनाचं. म्यूटेशन झालं की तो संदेश थांबतच नाही. निदानाच्या वेळी साधारण दर तीन पेशंटमागे एकात हे सापडतं. पण ते बहुतेकदा वंशावळीत उशिरा येतं, म्हणून अस्थिर असतं. पहिल्या रिपोर्टमध्ये असलेलं एफएलटी३ आजार उलटल्यावर गायब झालेलं असू शकतं, आणि आधी ‘निगेटिव्ह’ असलेल्या पेशंटमध्ये ते नव्याने दिसू शकतं.

याने काय फरक पडतो? औषधच बदलतं. गिल्टेरिटिनिब नावाची गोळी नेमकी यावर काम करते. उलटलेल्या किंवा उपचारांना न जुमानणाऱ्या एफएलटी३ पॉझिटिव्ह एएमएलच्या ३७१ पेशंटवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. गोळी घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ९.३ महिने, नेहमीची केमो घेणाऱ्यांचं ५.६ महिने. हे आकडे लहान आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण काहींना याच मिळालेल्या वेळात ट्रान्सप्लांटपर्यंत, म्हणजे दात्याच्या मूळ पेशी मिळण्यापर्यंत, पोहोचता येतं. जुन्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून ही गोळी दिलीच गेली नाही, तर ते फार वाईट.

एनपीएम१ चं वागणं उलट. ते बहुतेक पेशंटमध्ये आजार उलटला तरी टिकून असतं, त्यामुळे आजाराचा माग काढायला उपयोगी पडतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात केमोच्या दुसऱ्या फेरीनंतरही ज्यांच्या रक्तात याच्या खुणा सापडत होत्या, त्यांच्यात तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण ८२ टक्के होतं. खुणा नसलेल्यांमध्ये ३० टक्के.

डीएनएमटी३ए दिसलं म्हणून मात्र लगेच धसका घेऊ नका. ते वंशावळीच्या अगदी मुळाशी असतं, ल्युकेमिया होण्याच्याही आधीपासून, आणि उत्तम रेमिशनमध्येही रक्तात राहू शकतं. नुसतं ते दिसलं म्हणजे आजार परतला असं होत नाही.

आयडीएच१ आणि आयडीएच२ साठी वेगळ्या गोळ्या आहेत. गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन केएमटी२ए जनुक बदललेलं असेल, तर त्यासाठी रेव्ह्युमेनिब या गोळीला अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. टीपी५३ चं म्यूटेशन असेल तर लढाई खरंच अवघड असते. केमोचा परिणाम फारसा टिकत नाही. एकेका म्यूटेशनवरच्या या गोळ्या चालू असतानाही नवे सबक्लोन डोकं काढतात, गिल्टेरिटिनिबवर असताना बहुधा आरएएस गटातल्या जनुकांच्या म्यूटेशनचे. म्हणून औषधाचा परिणाम ओसरला की पुन्हा तपासणी.

शेवटची गोष्ट ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी, आणि ही फार कमी लोकांना माहीत असते. दाता निम्माच जुळणारा असेल, तर त्याच्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, पेशंटच्या न जुळणाऱ्या एचएलए संचाला परकं समजून ल्युकेमियावर हल्ला करतात. (एचएलए म्हणजे पेशीची ओळख सांगणारी जनुकं; त्यांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून.) मिलानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं, की काही पेशंटमध्ये ल्युकेमिया सहाव्या गुणसूत्रावरचा नेमका तोच संच टाकून देतो आणि त्या जागी जुळणाऱ्या संचाची दुसरी प्रत बसवतो. गुणसूत्रांची संख्या तीच राहते, म्हणून साध्या कॅरिओटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, हे दिसत नाही. अशा वेळी त्याच दात्याच्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यात असतात त्या पांढऱ्या पेशी) पुन्हा देऊन उपयोग होत नाही, उलट त्रास होण्याचा धोका राहतो. समजा आई दाता होती. ल्युकेमियाने वडिलांकडून आलेला संच टाकला, उरला आईकडचा. आता तो आईकडचा संच ज्याला परका वाटेल असा दाता शोधायला हवा, म्हणजे वडील किंवा त्यांच्या बाजूने जुळणारं कुणी. तेव्हा जुन्याच दात्याच्या पेशी देण्याचं ठरत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा: ल्युकेमियाच्या पेशींची एचएलए तपासणी झाली आहे का?