‘सेटिंगमध्ये ठेवून देऊ’ : फीचरची गर्दी नेमकी कुठून येते?

नमस्कार. वर्डपॅड हे मजकूर लिहिण्याचे साधे सॉफ्टवेअर विंडोज ९५ पासून विंडोजसोबत मिळत होते. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ते काढून टाकले आणि पुढे २०२५ मध्ये, निव्वळ साध्या मजकुरासाठी असलेल्या नोटपॅडमध्येच ठळक आणि तिरप्या अक्षरांची सोय आणली. यावर मी मागील भागात टीका केली होती. तुमच्यापैकी अनेकांनी त्याखाली लिहिले आहे की ही सोय सेटिंगमध्ये जाऊन बंद करता येते, मग तक्रार नेमकी कशाची? माझी तक्रार त्या सेटिंगचीच आहे, आणि आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

सॉफ्टवेअर बनवण्याच्या प्राथमिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतीलच. ग्राहक बटण मागतो तेव्हा त्याचे कोणते काम अडले आहे ते आधी विचारावे, आणि फीचर, म्हणजे सॉफ्टवेअरमधली एखादी सोय, लिहिण्यापेक्षा ते वर्षानुवर्षे सांभाळणे महाग पडते हे विसरू नये. यावर कोणाचा वाद नसतो. तरीही उत्पादन फुगत जाते, कारण बैठकीत दोन मते पडली की कोणीतरी समजूतदारपणे म्हणते, “सेटिंगमध्ये ठेवून देऊ, ज्याला हवे तो चालू करील.” सगळ्यांचे समाधान होते आणि बैठक संपते. निर्णय मात्र झालेला नसतो.

आता हिशेब पाहा. चालू-बंद करता येणाऱ्या १० सेटिंग असतील तर उत्पादनाच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था संभवतात; अकरावी आली की २,०४८. म्हणजे प्रत्येक नवी सेटिंग चाचणीचे काम एकाने वाढवत नाही, ते दुप्पट करते. इतक्या अवस्था कोणीही तपासत नाही, आणि “आमच्याकडे तर व्यवस्थित चालते” हे वाक्य बहुधा न तपासलेल्या अवस्थेतूनच जन्माला येते.

दुकानांसाठी बिले करणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या सपोर्टचे फोन मी काही काळ घेत असे. रक्कम पूर्ण रुपयांत आणताना प्रत्येक वस्तूची आणावी की एकूण बिलाची, यावर तिथे एकमत झाले नव्हते, म्हणून सेटिंग दिली गेली. दुकानदार एका पद्धतीने बिल करीत, मध्येच कोणीतरी सेटिंग बदले, आणि माल परत आला की परताव्यात एक-दोन रुपयांचा फरक निघे. फोनवर एकाही दुकानदाराने मला पर्याय हवा असल्याचे सांगितले नाही. बिलाचा आकडा वहीशी जुळावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ज्या प्रश्नाचे उत्तर बनवणाऱ्यांना देता आले नाही, तो प्रश्न गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडे सरकवला गेला होता.

“दिसत नाही ते त्रास देत नाही, नको असलेले लपवून ठेवा,” असेही एका प्रेक्षकाने सुचवले आहे. हा प्रयोग होऊन गेला आहे. वर्ड या मायक्रोसॉफ्टच्या लेखनाच्या सॉफ्टवेअरच्या विंडोजवरच्या पहिल्या आवृत्तीत २ टूलबार, म्हणजे बटणांच्या पट्ट्या, होते आणि वर्ड २००३ मध्ये ३१. लोक मायक्रोसॉफ्टकडे ज्या सोयी मागत, त्यांतील कित्येक आधीच आत होत्या, पण सापडत नव्हत्या. दरम्यान वर्ड ज्याचा भाग आहे त्या ऑफिस २००० मध्ये क्वचित वापरले जाणारे आदेश मेनूतून आपोआप लपतील अशी व्यवस्था केली गेली, आणि कालपर्यंत जागेवर असलेला आदेश आज गेला कुठे, हे शोधण्याचे नवे काम लोकांच्या मागे लागले. अखेर २००७ मध्ये वर्डमधील मेनू आणि टूलबारची रचनाच बदलून रिबन, म्हणजे टॅबमध्ये विभागलेली बटणांची एकच रुंद पट्टी, आणावी लागली. लपवल्याने संख्या घटत नाही, फक्त पत्ता हरवतो.

दुसऱ्या टोकाची सूचनाही आली आहे : दोन टक्क्यांहून कमी वापर असलेले सारे काढून टाका. कृपया असे करू नका. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षअखेर खाती बंद करण्याची सोय वर्षातून एकदाच लागते. आकड्यांवर विसंबून ती काढलीत, तर ३१ मार्चला तुमचा फोन बंद ठेवावा लागेल.

सेटिंग कधीच देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. भाषा, अक्षरांचा आकार, कागदाचा आकार या बाबतींत माणसांची परिस्थितीच खरोखर वेगळी असते, आणि तिथे पर्याय हवाच. पण नवी सेटिंग मंजूर करण्यापूर्वी ती कोणत्या प्रकारचा ग्राहक, कोणत्या कामासाठी बदलील, हे एका वाक्यात लिहून पाहा. वाक्यात ग्राहकाऐवजी तुमच्याच दोन सहकाऱ्यांचे मतभेद उतरत असतील, तर ती सेटिंग नाकारा आणि त्याच बैठकीत दोहोंपैकी एक पद्धत ठरवा. ग्राहकाला मग असे कळवता येते : “ही सोय आम्ही देणार नाही, तुमचे अडलेले काम मात्र सध्याच्या अमुक मार्गाने होते, आणि तो तुम्हाला आत्ता फोनवर दाखवतो.”