मोठी कंपनी, छोटी टीम

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात सांगलीहून माझ्या भाच्याचा फोन आला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. कॅम्पसमधून एका भल्यामोठ्या आयटी कंपनीची ऑफर हातात आहे आणि बाणेरच्या चाळीस माणसांच्या एका कंपनीनंही बोलावलंय. "आत्या, मोठी घेऊ की छोटी?" मी सतरा वर्षं हिंजवडीतल्या एका मोठ्या कंपनीत काढली आणि २०२०पासून साठ माणसांच्या कंपनीत आहे, म्हणून त्याला वाटलं, ही एका वाक्यात सांगेल. पाऊण तास बोलले, तरी बरंच राहिलं. ते राहिलेलं आज तुमच्याशी बोलते.

मोठ्या कंपनीचं वेड आपल्या घरांत कुठून आलं, ते ठाऊकच आहे. १९८१ साली इन्फोसिस सुरू झाली ती इथे पुण्यातच, दहा हजार रुपयांवर. १९९३मध्ये तिचा शेअर ९५ रुपयांना विकायला निघाला. पुढे कंपनीनं कर्मचाऱ्यांनाही शेअर दिले, ते वाढत गेले, आणि साध्या नोकरदाराचा बंगला झाल्याची गोष्ट गावोगावी पोचली. माझ्या वडिलांनी ती मला किती वेळा ऐकवली असेल! पण त्या गाडीत १९९५ला चढलेला आणि आज चढणारा, दोघांचं तिकीट वेगळं आहे. मोठ्या सेवा कंपन्या नव्या पोराला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास देतात, आणि हा आकडा दहा-बारा वर्षांत जागचा फारसा हललेला नाही. तेवढ्या काळात वाकडच्या वन बीएचकेचं भाडं कुठे गेलं, ते तिथे राहणाऱ्यांना विचारा.

मग मोठ्या कंपनीत मिळतं काय? मला विचाराल तर आधार. २०११मध्ये वडिलांची बायपास करायची ठरली. आधीपासूनचा मधुमेह, वय पासष्ट. काउंटरवर मी कंपनीच्या विम्याचं कार्ड ठेवलं आणि खुर्चीत जाऊन बसले. शेजारी एक गृहस्थ फोनवर नातेवाइकांकडे पैशांची जुळवाजुळव करत होते. त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. यात कंपनीचं मन मोठं असतं असं नाही, हिशेबच तसा असतो. हजारो तरुण, धडधाकट माणसं एका गटात असतात आणि त्यांच्या हप्त्यांवर चार जणांचे म्हातारे आईबाप निभावून जातात. साठ माणसांच्या कंपनीला विमावाला तो भाव देत नाही. आमच्या आत्ताच्या कंपनीनं आईवडिलांचा विमा काढून द्यायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा आकडा बघून फाइल मिटली.

बाळंतपणाचंही तसंच. २०१७च्या दुरुस्तीनंतर कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, आणि दहा माणसांच्या आस्थापनेलाही तो कायदा लागू होतो. म्हणजे कागदावर मोठी-छोटी सारखीच. पण छोट्या जागी एक मुलगी रजेवर गेली की तिच्या जागी बसायला दुसरं कुणी नसतं. तोंडावर कुणी काही बोलत नाही. मीटिंगमध्ये उसासा मात्र ऐकू येतो. मोठ्या प्रोजेक्टमध्ये एखादं माणूस बफरमध्ये, म्हणजे राखीव असतं; त्याला केटी दिली, म्हणजे काम समजावून सांगितलं, की आपण मोकळ्या.

आणि बेंच! बाहेरच्यांसाठी सांगते: एक प्रोजेक्ट संपला आणि दुसरा मिळाला नाही, तर त्या मधल्या काळाला बेंच म्हणतात. काम नाही, पगार चालू. मी एकदा अडीच महिने बेंचवर होते. पहिला आठवडा मजेत गेला, नंतर कँटीनच्या पोऱ्याचीसुद्धा नजर चुकवायला लागले. पण पगार तारखेला जमा. आता ती गादी पातळ होतेय. टीसीएसनं २०२५च्या जूनमध्ये नियम आणला की वर्षात किमान २२५ दिवस क्लायंटला बिल लावता येईल अशा कामावर हवेत, म्हणजे बेंचवर फार तर ३५. पुढच्याच महिन्यात सुमारे दोन टक्के माणसं, म्हणजे बारा हजारांवर, कमी करणार असं जाहीर झालं. गूगलनं २०२३च्या जानेवारीत जगभर मिळून बारा हजारच काढली होती. तेव्हा "मोठ्या कंपनीत नोकरी पक्की" हे वाक्य पोरांच्या आईवडिलांनी आता जरा हळू आवाजात म्हणावं.

आता ज्याची किंमत मी मोजली ते. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर मी चार वर्षं होते. माझ्याकडे काय होतं? पॉलिसी संपत आली की ग्राहकाला पत्र जातं, ते पत्र. पॉलिसीचा हिशेब दुसऱ्या टीमकडे, डेटाबेस तिसऱ्या, सर्व्हर चौथ्या, आणि पत्रातला मजकूर क्लायंटच्या वकिलांकडे. माझ्याकडे समास, तारीख, आणि कुठल्या राज्यात कुठला परिच्छेद. त्या पत्रातली माझ्याइतकी जाणकार बाई भूतलावर नव्हती, हे मी गर्वानं सांगू शकते. पुढे एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले. समोरच्या पंचविशीतल्या मुलानं साधा प्रश्न विचारला: "मॅडम, तुमचं ॲप्लिकेशन रात्री बंद पडलं तर तुम्ही पहिल्यांदा काय बघता?" मी म्हणाले, "सपोर्ट टीमला तिकीट टाकते." म्हणजे तक्रार नोंदवून मोकळी. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी कळलं, की बाहेर विकता येईल असं माझ्याकडे फार थोडं होतं. कंपनीतली मंजुरी कुणाकडून मिळवायची, कुठला फॉर्म कुठे अडतो, हे सगळं ज्ञान गेटच्या आतच चालणारं.

छोटीकडे यायला मग आणखी दोन वर्षं गेली. त्यात शेवटचे ९० दिवस नोटीस पिरियडचे. ज्याला माणूस आजच हवाय तो तीन महिने कशाला थांबेल? मी राजीनामा टाकल्यावर एक ऑफर अशीच हातची गेली. शेवटी जानेवारीत नव्या जागी रुजू झाले आणि मार्चमध्ये लॉकडाउन. दोन महिने अर्धा पगार. वडील एक शब्द बोलले नाहीत, फक्त रोज विचारायचे, "जुन्या ऑफिसातले सगळे बरे आहेत ना?"

पण नव्या जागी पहिल्या दोन वर्षांत मी सर्व्हर उभा करायला शिकले, ग्राहकाच्या शिव्या थेट ऐकल्या, आणि रात्री दोनला बंद पडलेलं स्वतः सुरू केलं. (रात्री दोनला उठण्यात थोर काही नाही. उठायला दुसरं कुणी नव्हतं.)

हिंजवडीच्या वाटेवरच्या भूमकर चौकातल्या ट्रॅफिकबद्दल मी बोलणार नाही. कंपनीच्या बसमध्ये माझी अर्धी झोप झाली, तेवढं पुरे.

भाच्याला मी एक गोष्ट मात्र पुन्हा पुन्हा सांगितली. लाखभर माणसांच्या कंपनीत कुणीच लाखभर माणसांबरोबर काम करत नाही. काम असतं दहा-पंधरा जणांबरोबर आणि एका मॅनेजरच्या हाताखाली. माझ्या गळ्यात सतरा वर्षं एकच आयकार्ड होतं, पण नोकऱ्या मी तीन केल्या. पहिल्या मॅनेजरबाई सहाला म्हणायच्या, "उठा आता, बस जाईल." दुसऱ्या साहेबांचा क्लायंट-कॉल रात्री साडेदहाला सुरू व्हायचा. तिसऱ्याकडे अप्रेजलच्या वेळी बेल कर्व्ह: टीममधले बाराच्या बारा जण राबले, तरी कुणाच्या तरी नावापुढे खालचा शिक्का मारायचाच. मायक्रोसॉफ्टनं २०१३मध्ये असली क्रमवारी बंद केली, ती बातमी आम्ही कँटीनमध्ये एकमेकांना वाचून दाखवली होती. त्या वर्षी शिक्का माझ्या वाट्याला आला होता.

म्हणून त्याला म्हटलं, ऑफर देणाऱ्यांना विचार: प्रोजेक्ट कुठला, काम नवं लिहायचंय की जुनं सांभाळायचंय, शिफ्ट कुठली, मॅनेजर कोण? छोट्या कंपनीला विचार की पगार कधी उशिरा झालाय का, आणि सगळे पैसे एकाच ग्राहकाकडून येतात का. मोठी कंपनी बहुतेक सांगेल की प्रोजेक्ट ट्रेनिंगनंतर ठरेल. तेही एक उत्तरच धरायचं.

तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "आत्या, सगळं पटलं. पण आई आत्तापासून लग्नाच्या बायोडाटाच्या गोष्टी करतेय. त्यात मॅनेजरचं नाव लिहून चालेल का?"

नमस्कार.