रेडिओ गप्प बसतो तेव्हा

[काळा पडदा. खरखर. मग एक आवाज.]

"पाच आणि तीन किती?"

आणि रेडिओ गप्प. एक, दोन, तीन सेकंद. बिघडलेला नाही, थांबलाय. खोलीभर पोरं एका सुरात ओरडतात, "आठ!" तेव्हा कुठे आवाज पुढे सरकतो.

निकाराग्वात १९७०च्या दशकात पहिलीच्या मुलांना गणित असं शिकवलं गेलं. धडे लिहिणाऱ्यांची खरी कसरत त्या रिकाम्या सेकंदांची. कमी ठेवले तर मागच्या रांगेतलं पोर मागेच राहतं, जास्त ठेवले तर वर्गाचा बाजार होतो. ही पद्धत पुढे अनेक देशांनी उचलली.

[डोंगर, धुकं, एकाकी घरं.]

कोलंबिया, १९४७. सुतातेन्सा नावाचं डोंगरातलं गाव. होसे होआकिन साल्सेदो हे तरुण पाद्री इथे छोटं रेडिओ केंद्र सुरू करतात, शेतकऱ्यांना लिहा-वाचायला शिकवण्यासाठी. लोकांना दिलेल्या संचांवर स्टेशन एकच लागायचं, दुसरं लावायची सोयच नाही! (थोडी दादागिरीच म्हणायची.) पण सगळं त्या संचाच्या भरवशावर सोडलेलं नव्हतं. संध्याकाळी शेजारीपाजारी एका घरात जमत. त्यांच्यातलाच कोणी थोडंफार शिकलेला फळ्यापाशी उभा राही. अक्षराचं नाव रेडिओ सांगे, अक्षरावर बोट हा ठेवी. केंद्राकडे श्रोत्यांची पत्रं आली ती लाखांनी.

शिक्षणाच्या मोहिमांत नेमकं हे ऐकून घेणंच राहून जातं. 'चला शाळेला'ची जिंगल दिवसातून दहादा वाजते. नाव घालायला कोणते कागद लागतात, ते नसले तर काय, शाळेनं परत पाठवलं तर दाद कुठे मागायची, याचा पत्ता नाही. त्यापेक्षा अधिकाऱ्याला स्टुडिओत बसवा आणि फोन खुला ठेवा. "माझ्या पोराला ऐकू येत नाही, घेतील का त्याला?" असं एका आईनं विचारलं, की उत्तराकडे हजार घरांचे कान लागतात. आणि हो, महिन्याभरानं त्याच बाईंना पुन्हा फोन लावा, मूल शाळेत गेलं का ते विचारा. तेही प्रक्षेपित करा.

[बंद फाटक. रिकामे बाक.]

२०२० मध्ये जगभर शाळा बंद झाल्या. घरबसल्या शिकण्याची कोणतीच सोय ज्यांच्यापर्यंत पोचली नाही अशी मुलं, युनिसेफच्या हिशेबानं, किमान ४६ कोटी ३० लाख. तेव्हा घरात संच आहे का, हा प्रश्न मोहिमेत पहिला हवा.

अफगाणिस्तानात २०२१ पासून मुलींना सहावीपुढची शाळा बंद आहे. बीबीसीनं २०२३ मध्ये 'दर्स' हा कार्यक्रम सुरू केला, ११ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी, टीव्हीवर आणि रेडिओवरही. शाळेची जागा तो घेत नाही. पण लहरींना फाटक आडवं येत नाही.

उरते वेळ. धडा सकाळी लागतो तेव्हा मुलगी पाण्याला गेलेली असेल, तर तोच धडा संध्याकाळी पुन्हा लावावा लागतो.